मधला तुकडा

त्या रविवारी उपासना संपायच्या आत पाळकसाहेबांनी एक जाडजूड पुस्तक सगळ्यांसमोर वर धरलं. धरलं म्हणजे कसं, तर दोन बोटांनी कोपऱ्याला, मेलेला उंदीर शेपटीला धरून बाहेर न्यावा तसं. चर्चच्या गायकवृंदाचे झगे ठेवायच्या कपाटात, घडीच्या खाली ते सापडलं होतं. आत पहिल्याच पानावर मंडळीच्या शाळेच्या ग्रंथालयाचा शिक्का होता.

"या कादंबरीत," पाळकसाहेब म्हणाले, "प्रभू कबरेतून उठलाच नाही, असं लिहिलं आहे."

बाकांवरून एक लांबलचक अरेरे उठलं. ऑर्गनवर बसलेल्या बाईंनीही मान हलवून अरेरे केलं. ते पुस्तक तिथे त्यांनीच ठेवलं होतं.

सगळी मंडळी त्यांना ऑर्गनबाई म्हणायची. जगाबद्दल त्यांचं मत फारसं बरं नव्हतं, आणि असं मत बनवायला त्यांना जागाही उत्तम मिळाली होती. ऑर्गनच्या वर एक हातभर आरसा टांगला होता. पाठीमागे उभे असलेले पाळक हात कधी वर करतात आणि गीत कधी सुरू करायचं, हे कळावं म्हणून तो. पण आरसा काही पाळकांपुरतंच दाखवत नाही. त्यात अख्खी मंडळी दिसायची. प्रार्थनेच्या नावाखाली डुलक्या काढणारे दातांचे डॉक्टर, पापांच्या कबुलीच्या वेळी शेजारणीच्या नव्या चपला न्याहाळणाऱ्या बाया, उपदेश आवडल्यासारखा चेहरा करून घड्याळ बघणारे हेडसर. वर्षानुवर्षं हे बघून बाईंची खात्री पटली होती, की देवाची सगळ्यात मोठी कमाल कोणती, तर त्याला या लोकांची अजून कीव येते.

आणि बाईंचं स्वतःचं काय? तर त्यांना रहस्यकथांचं व्यसन होतं. साधंसुधं नव्हे. एक वेळ जेवण नसलं तरी चालेल, पण पहिल्या प्रकरणात मुडदा पडायला हवा. हे घराबाहेर कोणालाही ठाऊक नव्हतं. बाहेर त्यांनी असं पसरवून ठेवलं होतं, की आपण भक्तिपर पुस्तकांखेरीज कशाला हात लावत नाही. प्रत्यक्षात गीतांच्या जुन्या पुस्तकाचं काळं कव्हर सोडवून त्यांनी ठेवलं होतं, आणि उपदेश सुरू झाला की त्या कव्हराच्या आत ऑर्गनच्या पाटीवर कोणाचा ना कोणाचा गळा आवळला जायचा. पाळकसाहेबांना वाटायचं, बाई पुढचं गीत चाळतायत.

हे पुस्तक त्यांना भाचीनं दिलं होतं. भाची म्हणजे त्यांच्या दिवंगत बहिणीची मुलगी. हिला त्यांनीच वाढवलं, आणि लहानपणी दिवसभर चिवचिवायची म्हणून चिऊ म्हणायचे, ते नाव मोठेपणीही चिकटून राहिलं. चिऊ शाळेत ग्रंथपाल होती. वर्तमानपत्रात या कादंबरीवरून रोज रणं माजत होती, तेव्हा तिनं एक प्रत मागवली.

"बघू तरी काय दिवे लावलेत," बाई म्हणाल्या होत्या.

"नोंद करते हं मावशी."

"नोंद कशाला? मी काय परकी आहे?"

चिऊनं नोंद केली नाही. बाईंनी पुस्तक तीन उपदेशांत संपवलं, शेवटचं पान मिटलं, आणि तेवढ्यात बायका गप्पा मारायला ऑर्गनपाशी आल्या. पिशवी लहान होती. बाईंनी पुस्तक झग्यांखाली सरकवलं, उद्या येऊन नेऊ म्हणून. झगे दर महिनाअखेरीला धुवायला जायचे. या खेपेला कोणाच्या तरी अंगात उत्साह संचारला आणि ते सोमवारी सकाळीच गेले.

आता गप्प बसून राहिलं असतं तरी निभावलं असतं. पण बाईंना तेवढ्यानं समाधान नव्हतं. पाळकसाहेबांनी पुस्तक दाखवलं त्याच रविवारी दुपारी महिला मंडळाच्या बैठकीत सगळ्या जणी हळहळत होत्या, तर बाईंनी उभं राहून जाहीर केलं, की असलं पुस्तक जिच्या घरात असेल तिच्या घरचं पाणीही मी पिणार नाही. टाळ्या पडल्या. बाई खाली बसल्या आणि त्यांना आठवलं, की आपल्या घरचं पाणी आपण सकाळपासून पितोय.

पुस्तकावर शाळेचा शिक्का, म्हणून विचारणा चिऊकडे झाली. पाळकसाहेबांनी तिला कार्यालयात बोलावलं. हे पुस्तक कोण घेऊन गेलं होतं, एवढंच सांगा, म्हणाले.

"ग्रंथालयातून कोण काय नेतं, ते मी कोणाला सांगत नाही," चिऊ म्हणाली.

"मी कोणी ऐरागैरा नाही. मी शाळेचा अध्यक्ष आहे."

"तुम्ही काय नेता, तेही मी कोणाला सांगत नाही, साहेब."

यावर पाळकसाहेबांनी घसा साफ केला आणि विषय थोडा पुढे ढकलला. ठरलं असं, की आधी पुस्तकावर मंडळीचं अधिकृत मत तयार करायचं. त्या बैठकीच्या दिवसापर्यंत नाव कळलं तर ठीक. नाही कळलं तर असलं पुस्तक मागवल्याची आणि चर्चमध्ये पोहोचवल्याची सगळी जबाबदारी चिऊची, आणि ग्रंथालयाच्या किल्ल्या तिनं ठेवून जायचं.

मत तयार करायचं, तर कोणीतरी पुस्तक वाचायला हवं. इथे पाळकसाहेबांच्या कार्यालयात जमलेल्या सगळ्यांची, ऑर्गनबाईंसकट, पंचाईत झाली. न वाचता निषेध केला तर बाहेर हसं होईल, असं हेडसर म्हणाले. वाचलं कोणी, तर पुस्तक वाचलेला माणूस म्हणून त्याच्याकडे कायम बोट दाखवलं जाईल, असं डॉक्टर म्हणाले. दोघेही बराच वेळ चहाच्या कपात बघत बसले. मग डॉक्टरांच्या डोक्यात प्रकाश पडला. तिघांनी मिळून वाचायचं. पुस्तकाचे तीन भाग करायचे, एकेकानं एकेक घ्यायचा. म्हणजे पुस्तक तर वाचून होईल, पण ते कोणीच वाचलेलं नसेल.

ही अक्कल ऐकून ऑर्गनबाईंना डॉक्टरांचे हात धरावेसे वाटले, कौतुकानं नव्हे, तर त्या हातांनी ते लोकांच्या तोंडात काय काय करत असतील या काळजीनं. पण पाळकसाहेब खूश झाले. घरातून पाव कापायची सुरी मागवली, पुस्तक टेबलावर उताणं पालथं करून पाहिलं आणि कण्यावर दोन ठिकाणी कापलं. पहिला तुकडा डॉक्टरांना, शेवटचा हेडसरांना. मधला तुकडा ऑर्गनबाईंना, कारण त्यांच्यासारखी निष्ठावान बाई मंडळीत दुसरी नाही.

बाईंनी तुकडा घेतला. हो म्हणण्यावाचून करणार काय? त्यांनी तो कागदात गुंडाळला आणि दोन बोटांनी धरून घरी नेला.

पुढच्या आठवड्यात ज्याला त्याला मत फुटलं. बेकरीवाल्या काकू पाव बांधून देताना म्हणाल्या, "मी वाचलेलं नाही आणि वाचणारही नाही, पण माझं त्याबद्दल अगदी पक्कं मत आहे." बाईंनी विचारलं, कशावरून. काकू म्हणाल्या, कव्हरवरून. तळमजल्यावरच्या विमा एजंटानं मात्र ते विकत आणून वाचलं होतं, आणि त्याला साक्षात्कार झाला होता. गेली दोन हजार वर्षं सगळ्या जगाच्या तोंडाला पानं पुसली गेली, असं तो जिन्यात अडवून सांगायचा. "अहो, पुढे नकाशा दिलाय. खोटं असतं तर नकाशा कशाला दिला असता?" मंडळीतल्या सगळ्यात वयस्कर आजींनी बाईंना बाजूला घेऊन हळूच विचारलं, की त्यात प्रेमप्रकरण आहे का, आणि असलं तर ते कोणत्या तुकड्यात.

बाईंना सगळ्यांचीच शिसारी आली. न वाचता बोंबलणारे एकीकडे आणि वाचून येडावलेले दुसरीकडे. यांच्या श्रद्धा तरी कसल्या, नि यांच्या शंका तरी कसल्या? एका फुटकळ कादंबरीनं ज्याची श्रद्धा हलते, त्याची आधीपासूनच खिळखिळी असणार. आणि एका नकाशावर जो श्रद्धा सोडतो, त्यानं ती धरली होती हेच मुळात खोटं. बाईंना स्वतःला पुस्तक वाचून काडीचा फरक पडला नव्हता. रात्रीची प्रार्थना त्यांनी तेव्हाही केली होती, फक्त थोडी घाईत, कारण नायिका तळघरात अडकली होती.

असा सगळ्या जगाचा हिशेब चुकता करून झाला, की एक माणूस उरायचं, आणि त्याच्याबद्दल विचार करायची पाळी आली की बाई उठून भांडी घासायला लागायच्या.

घर दोन खोल्यांचं होतं. चिऊ समोरच बसायची, त्यामुळे तिचा चेहरा टाळायला जागा नव्हती. एका संध्याकाळी ती बटाटे सोलत होती आणि बाई सालं गोळा करत होत्या.

"चिऊ, सांगून टाक ना माझं नाव," बाई म्हणाल्या. म्हणाल्या खऱ्या, पण आवाज असा लावला, की नको म्हणणं सोपं जावं.

"मी नाही सांगणार."

"अगं, मी सांगतेय ना तुला."

"तू सांगतेस म्हणून नाही, मावशी. तू असतीस किंवा त्या बेकरीवाल्या काकू असत्या, मी नसतंच सांगितलं. कोणी काय वाचलं हे मी सांगायला लागले, तर उद्या माझ्याकडे पुस्तक मागायला येणार कोण?" तिनं बटाटा पाण्यात टाकला. "ज्याला सांगायचं असेल त्यानं स्वतः सांगावं."

"बघू," बाई म्हणाल्या.

चिऊनं मान वर करून एकदा बघितलं, तेवढंच. असं बघणं बाईंना चांगलं ओळखता येत होतं. आरशातून मंडळीकडे त्या स्वतः असंच बघायच्या.

त्या रात्री त्यांना आपली लाज वाटली, आणि लाज वाटल्याचा रागही आला. ऑर्गन काढून घेतील, एवढी एकच भीती होती. ऑर्गन गेला म्हणजे आरसा गेला. आरसा गेला म्हणजे बाकावर जाऊन बसायचं, त्या डुलक्या काढणाऱ्यांच्या आणि चपला बघणाऱ्यांच्या रांगेत, आणि आपल्या जागेवरून दुसरं कोणीतरी आपल्याकडे बघणार. पायाखालचा भाता, उपासनेच्या आधी रिकाम्या चर्चमध्ये वाजवलेला पहिला स्वर, जो ऐकायला देवाशिवाय कोणी नसतं, हे सगळं जाणार. आणि दुसऱ्या बाजूला चिऊची नोकरी. तराजूत घालून बघायचीही गरज नव्हती, इतकं ते उघड होतं. तरी बाईंनी तोंडाला कुलूप लावलं, ते बैठकीच्या दिवसापर्यंत.

बैठक चर्चच्या बाजूच्या खोलीत होती. लांब टेबल, सहा खुर्च्या, भिंतीवर जुन्या पाळकांचे फोटो. टेबलाच्या एका टोकाला चिऊ बसली होती. तिनं ग्रंथालयाच्या किल्ल्या आधीच काढून समोर ठेवल्या होत्या. बाईंना ते अजिबात आवडलं नाही. भांडायच्या आधी हत्यार टाकलेलं माणूस समोर असलं, की भांडणाची मजाच जाते.

डॉक्टरांनी सुरुवात केली. त्यांच्या वाट्याच्या तुकड्यात एका मठाच्या ग्रंथालयात म्हातारे फादर मेलेले सापडतात, आणि त्यांच्या मुठीत एक जुनं चर्मपत्र असतं. प्रभूचा देह माळ्यानं रातोरात दुसरीकडे हलवला, असं त्यात लिहिलेलं असतं. "आणि माझा भाग संपेपर्यंत हे खोटं आहे असं कोणीही म्हणत नाही," डॉक्टर टेबलावर बोट आपटत म्हणाले. "एक इतिहासाची बाई आहे, तिला तर आनंदच होतो. माझं मत असं, की हा लेखक सैतानाचा माणूस आहे. मला रात्रभर झोप लागली नाही."

बाईंना ठाऊक होतं, का लागली नाही. डॉक्टरांचा तुकडा जिथे कापला गेला होता, तिथे इतिहासाच्या बाईच्या खोलीचं दार कोणीतरी बाहेरून लावून घेतं.

मग हेडसर उठले. ते बसूनही बोलू शकले असते, पण आयुष्य शाळेत गेलेलं. त्यांनी चष्मा पुसला.

"डॉक्टरांशी मी सहमत आहे, पण मला यात त्याहूनही गंभीर गोष्ट दिसली," ते म्हणाले. "चर्मपत्राचं मला काही समजलं नाही, कारण माझ्या भागात सगळे जण ते बनावट आहे असंच म्हणतात. ते जाऊ दे. मुद्दा असा, की या सगळ्यामागे कोण आहे? तर तेच म्हातारे फादर. शेवटच्या प्रकरणात ते पुराणवस्तूंच्या व्यापाऱ्याबरोबर एकाच टेबलाशी बसून त्या चर्मपत्राबद्दल बोलतात. म्हणजे कट कोणाचा? धर्मगुरूचा. खुनी कोण? धर्मगुरू. लेखकाला हेच दाखवायचं आहे, की चर्चचे लोक खुनी असतात. हेच त्याचं विष."

"भयंकर," पाळकसाहेब म्हणाले. त्यांनी लिहून घेतलं. "म्हणजे मत असं करू, की सदर पुस्तकात एका धर्मगुरूला खुनी दाखवून…"

"अहो, ते फादर पहिल्याच पानावर मेलेत," ऑर्गनबाई म्हणाल्या.

त्यांनी बोलायचं ठरवलं नव्हतं. गळ्यातून ते आपोआप बाहेर पडलं, शिंक यावी तसं. पण एकदा बाहेर पडल्यावर बाकीचं अडवता आलं नाही.

"ते टेबलाशी बसलेत ते मरायच्या आधी. आठवण आहे ती, व्यापाऱ्याची. पकडला गेल्यावर पोलिसाला सांगतोय तो. फादरनी चर्मपत्र बनावट आहे हे ओळखलं, म्हणून व्यापाऱ्यानं त्यांना मारलं. अख्ख्या पुस्तकात खरं बोलणारा एकच माणूस आहे आणि तुम्ही त्यालाच खुनी करून बसलात. वाक्य भूतकाळात आहे एवढंही दिसलं नाही? मुलांना काय शिकवता हो तुम्ही?"

डॉक्टरांनी खालचा ओठ चावला.

"फादर पहिल्या पानावर मेलेत, हे खरं आहे," ते सावकाश म्हणाले. "पण पहिलं पान माझ्याकडे होतं."

"आणि पोलीस माझ्याकडे," हेडसर म्हणाले.

पाळकसाहेबांनी पेन खाली ठेवलं. त्यांनी बाईंकडे बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरची काळजी दिसली. इतकी वर्षं ऑर्गन वाजवणारी बाई रविवारच्या तोंडावर घालवणं त्यांना परवडणारं नव्हतं. त्यांनी स्वतःच वाट काढून दिली. "डॉक्टरांनी आणि सरांनी कुठेतरी बोलताना सांगितलं असेल. नाही का, बाई?"

वाट चांगली रुंद होती. डॉक्टर तर हो म्हणायला तयारच होते, माणूस मुळात गोंधळलेला. नुसती मान हलवली असती, तरी भागलं असतं. बाईंनी चिऊकडे बघितलं. चिऊ त्यांच्याकडे बघत नव्हती. ती किल्ल्यांकडे बघत होती, आणि तिनं डोकं अगदी किंचित हलवलं. नको, असं. मावशी, नको. बाईंना तिथेच कळलं, की पोरीला आपल्याकडून कसलीच आशा राहिलेली नाही. आणि त्याबद्दल तिला रागही नाही. राग असता तर बाईंना सोसला असता.

"मला कोणी काही सांगितलं नाही," बाई म्हणाल्या. "पुस्तक मी नेलं होतं. मी वाचलं, तुमच्या उपदेशाच्या वेळी, ऑर्गनवर बसून, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. झग्यांखाली मीच ठेवलं. हिनं मला नोंद करते म्हणून सांगितलं होतं, मीच करू दिली नाही. आणि तिचा सगळा गुन्हा इतकाच, की मी गप्प बसले आणि तिनं माझं गप्प बसणं सांभाळलं."

"उपदेशाच्या वेळी?" पाळकसाहेबांनी विचारलं. सगळ्यातून त्यांना लागलं होतं ते हेच.

"सगळ्या नव्हे. एक चांगला होता, तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं."

"कोणता?"

"आता आठवत नाही," बाई म्हणाल्या.

पुढचं फार लांबलं नाही. किल्ल्या चिऊकडेच राहतील, असं ठरलं. ऑर्गनच्या झाकणाची किल्ली मात्र बाईंनी द्यायची. त्यांनी ती पर्समधून काढून टेबलावर ठेवली. मंडळीचं अधिकृत मत काय लिहायचं, ते त्या दिवशी तसंच राहून गेलं.

बाहेरच्या पायऱ्यांवर डॉक्टर मागून आले. त्यांनी आजूबाजूला बघितलं.

"बाई, ते इतिहासाच्या बाईचं दार बाहेरून कोणी लावलं होतं?"

बाईंनी त्यांच्याकडे पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"वाचा," त्या म्हणाल्या.

घरी जाताना चौक ओलांडल्यावर चिऊनं विचारलं, "मावशी, खरं सांग. तू माझ्यासाठी बोललीस, की हेडसरांना वाचता येत नाही म्हणून?"

खोटं बोलायला हीच वेळ होती आणि खोटं गोडही दिसलं असतं. पण बाईंनी त्या दिवशी खरं बोलायला तोंड उघडलं होतं, ते एवढ्यात मिटत नव्हतं.

"पहिलं हेडसरांसाठी," त्या म्हणाल्या. "तू नंतर दिसलीस."

चिऊ थोडं अंतर चालली. "चालेल," ती म्हणाली, आणि बाईंच्या हातातली पिशवी तिनं आपल्याकडे घेतली.

रविवारी मंडळीनं ऑर्गनशिवाय गीत गायलं. बाई मधल्या बाकावर बसल्या होत्या. सुरुवात इतकी वर लावली गेली होती, की दुसऱ्या कडव्यापर्यंत अर्धे लोक गळून पडले. बाईंना आनंदाच्या उकळ्या फुटायला हव्या होत्या, पण तसं काही झालं नाही. त्यांची बोटं मांडीवर स्वर शोधत होती. रिकाम्या स्टुलाच्या वर आरसा तसाच होता. त्यात बघितलं तर मंडळीमध्ये एक म्हातारी बाई दिसत होती. ओठ मुडपलेले, नाक मुरडलेलं. ती कोण, हे कळायला त्यांना क्षणभर वेळ लागला.

सोमवारी त्या पुस्तक परत करायला निघाल्या. शाळेची वस्तू, शाळेत जायला हवी. पहिला तुकडा मागायला डॉक्टरांकडे गेल्या, तर ते म्हणाले, तो पाळकसाहेबांनी नेलाय. पाळकसाहेबांनी दार अर्धंच उघडलं. पहिला तुकडा त्यांची बायको वाचत होती, आणि शेवटचा तुकडा तिनं उशीखाली घेऊन ठेवला होता, आपला पहिला संपायच्या आत कोणी नेऊ नये म्हणून. "मधला तुमच्याकडे आहे ना?" पाळकसाहेबांनी हळू आवाजात विचारलं. "ती विचारत होती." बाई पायऱ्या उतरल्या.

ग्रंथालयात मधल्या सुट्टीची गर्दी होती. खिडकीपाशी हेडसर वर्तमानपत्र वाचत उभे होते. दोन शिक्षिका कपाटापाशी होत्या. बाईंनी मधला तुकडा चिऊच्या टेबलावर ठेवला.

चिऊनं तो उलटसुलट करून बघितला. "हे अपूर्ण आहे. अपूर्ण पुस्तक परत घेता येत नाही."

"बाकीचं मिळेल तेव्हा आणून देते."

"मग तोवर तुमच्या नावावर लावावं लागेल." ती तुम्ही म्हणत होती, ग्रंथपाल सगळ्यांना म्हणते तसं. तिनं रजिस्टर उघडलं आणि पेनचं टोपण काढलं. "पुस्तकाचं नाव मला माहीत आहे. नेणाऱ्याचं नाव सांगा."

"चिऊ."

"नाव सांगा, बाई."

शिक्षिकांनी माना वळवल्या. हेडसरांचं वर्तमानपत्र हळूहळू खाली आलं. बाईंनी एकदा सगळ्यांकडे नीट बघितलं. मग पदर खोचावा तशा त्या सरळ उभ्या राहिल्या, आणि स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, असं सगळं त्यांनी सांगितलं, पार व्हरांड्यात पाणी प्यायला उभ्या असलेल्या मुलांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.